अण्णा कोणाकडे बघून हसला?

(सिनेमा मंडळाची खोली. टेबलावर उद्या दाखवायच्या फिल्मचा डबा आणि कात्री. अण्णाची धाकटी बहीण आणि संपावरचा मूकपट जोडणारा संकलक. दोघंही आता म्हातारे.)

बहीण : सत्त्याहत्तर साल. संपाचं. विसरलो म्हणू नका.

संकलक : विसरेन कसा, ताई? रशियन मूकपटांनी झपाटून गेलो होतो आपण सगळे.

बहीण : मीसुद्धा! झारच्या शिपायांचे बूट, लगेच उपाशी पोराचे डोळे, पुन्हा बूट. खुर्चीवरून उठून ओरडले होते मी. पडद्यावर आवाज नाही, तरी कान बधिर!

संकलक : हेच तर! दोन तुकडे शेजारी ठेवले की तिसराच अर्थ उभा राहतो. आपल्या संपपटात मी तेच केलं.

बहीण : तेच? ते राजाची फौज लोळवत होते. तुम्ही माझा भाऊ लोळवलात!

संकलक : हळू, ताई.

बहीण : का म्हणून हळू? कारखान्याच्या फाटकाशी अण्णा हसला, कारण समोरून आई जेवणाचा डबा घेऊन येत होती. त्या हसण्यापुढे काय चिकटवलंत तुम्ही? लाठी खाऊन पडलेला फिटर. तोही दुसऱ्या दिवशीचा!

संकलक : मालकाचा माणूस म्हणून एक चेहरा हवा होता...

बहीण : आणि तो तुम्हाला स्वतःच्या जिवलग दोस्ताचाच सापडला! अख्ख्या कारखान्यानं फितूर ठरवलं त्याला. जेवायला शेजारी कोणी बसेना.

संकलक : प्रचारपटच होता तो. लोक पेटले, संप जिंकलो.

बहीण : जिंकलात ना! तुम्ही पुढारी झालात, फिटर मुकादम झाला. अण्णा परगावी लोकांच्या गाड्या धुता धुताच संपला. आणि आई शेवटपर्यंत स्वतःलाच बोल लावत राहिली, मेला तो डबा घेऊन गेलेच कशाला म्हणून.

संकलक : आईंचा तुकडा मी तेव्हाच फेकून दिला, ताई. आता जोडायला काही नाही. उद्याच्या खेळाआधी अण्णाचा चेहराच काढून टाकतो.

बहीण : खबरदार! ठेवा ती कात्री खाली. हसणारा अण्णा आमच्याकडे दुसरा नाही.

संकलक : मग काय करू मी?

बहीण : मूकपटच आहे ना? तो दिसला की उभे राहा आणि सांगा, कोणाकडे बघतोय ते.

संकलक : सगळ्यांसमोर?

बहीण : फितूर काय खोलीत दार लावून ठरवला होतात?

संकलक : त्या वेळची माणसं तरी किती उरलीत आता?

बहीण : मी आहे. पुढच्या रांगेत बसेन.