काकांच्या मंगळावरचं शेवटचं पान

अध्यक्ष महाराज, आणि काकांच्या शोकसभेला आज इथे आलेल्या आपण सर्वांनो,

मला चारचौघांत बोलायची सवय नाही. मासिकाचा हा शेवटचा अंक टेबलावर ठेवूनच बोलते.

मी काकांची पुतणी, कुसुम. शाळेत जाण्याआधी त्यांनीच मला घरी पाटीवर अक्षरं शिकवली. स्वराज्य मिळाल्यावर त्यांनी मंगळाची कादंबरी सुरू केली. पुढे त्यांची नजर गेली. मग ते सांगायचे आणि मी वाचनालयाच्या हस्तलिखित मासिकात उतरवायची. एकच प्रत. डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण, घरोघर फिरायची. मंगळावर वसलेली माणसं पृथ्वीपासून स्वतंत्र व्हायला लढतात, ती गोष्ट आपण सगळ्यांनी वाचलीत. मंडईत कोणीतरी विचारलं होतं, मंगळावर कोथिंबीर होते का हो? काका म्हणाले, होते, पण जुडी बांधायला पृथ्वीची परवानगी लागते.

आत्ता माझ्याआधी बोलताना मास्तर म्हणाले, शेवटच्या प्रकरणात मंगळाचा सेनापती कोंडलेल्या शत्रुसैनिकांची हवा तोडत नाही, ते शरण येतात, तिथे काकांचं मोठं मन दिसतं. आपण माना डोलावल्यात.

मंडळी, ते काकांचं नाही. ते माझं आहे.

काकांनी सांगितलं होतं, सेनापतीनं दाराआड कोंडलेल्यांच्या हवेची झडप बंद केली. माझ्याच्यानं लिहवेना. वाटलं, लोक काकांना निर्दय म्हणतील. मी झडप उघडी ठेवली. आमची रीत अशी, की पान झालं की वाचून दाखवायचं. मी काय केलं? लिहिलेलं वाचलंच नाही. त्यांनी सांगितलेलं होतं, ते आठवून म्हटलं. ज्यांना दिसत नव्हतं, त्यांच्यासमोर.

अंक फिरला. कोणीतरी घरी येऊन त्या दयेचं कौतुक करून गेलं. मग काका म्हणाले, "कुसुम, वाचलंस तेच लिहिलंयस ना?"

मी म्हटलं, "हो, काका."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "दया मलाही आवडली असती गं. पण जिंकलेल्यांना कोणीतरी ते दार दाखवायला हवं."

त्यानंतर आठ दिवस ते होते. आठ दिवस मला खरं बोलता आलं असतं.

माझ्यावर रागवा. पण माझी दया त्यांच्या नावावर ठेवू नका. काका निर्दय होते का? त्यांनी सांगितलेला शेवट ऐका, आणि मग ठरवा. मी तो सगळाच गाळला होता.

"झडप बंद झाली. आतून दारावर ठोके पडू लागले. सेनापती म्हणाला, हे थांबेपर्यंत इथून कोणी हलायचं नाही."

आता कृपा करून स्तब्ध उभे राहा. काकांसाठी, आणि त्या दाराआडच्यांसाठीही. घड्याळाकडे कोणी पाहू नका.