दाराखालची फट

लेक : बाबा, ओढू नका. ते नाही उघडणार. हँडल मात्र हातात येईल तुमच्या.

वडील : अगं, पण तू आतून कार्ड लाव ना.

लेक : चारदा लावलं. लाल दिवा लागतो. तुमच्या मागचं कॉरिडॉरचं दारसुद्धा बसलंय. आपण दोघंही अडकलोय. तुम्हाला निदान खुर्ची तरी आहे.

वडील : असल्या दाराला किल्ली नसते का?

लेक : असते की. ऑफिसात. आणि ऑफिसचं दारही कार्डावरच.

वडील : वा! आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय. फोन कर मग कुणाला तरी.

लेक : मोबाईल पिशवीत राहिला, तुमच्याजवळ. आणि या तळघरात तसंही रेंज येत नाही.

वडील : पाच मिनिटांचं काम म्हणून मला खाली घेऊन आलीस. नेमकं केलंस काय तू?

लेक : इथे एक डबा आहे. बाहेरून कुणी आपल्या नेटवर्कमध्ये घुसायला लागला की त्याला अडवायचं, एवढंच त्याचं काम. आज त्याला नवीन नियम चढवले. डबा बंद होऊन सुरू झाला, आणि उठल्या उठल्या त्याने आपल्याच दारांना चोर ठरवलं.

वडील : दारांना?

लेक : कार्ड लावलं की दार वरच्या सर्व्हरला विचारतं, उघडू का? जुनी कुलुपं आहेत, धीर नाही त्यांना. उत्तर येईस्तोवर सेकंदाला दहा वेळा विचारतात. डब्याला वाटलं, हल्ला झाला. आता अख्ख्या वृद्धाश्रमात एक दार उघडत नसेल.

वडील : मग सांग त्याला, घरचीच माणसं आहेत म्हणून.

लेक : तेच सांगायला लॅपटॉपवरून शिरत होते. घाईत तीनदा पासवर्ड चुकला. आता मीही चोर.

वडील : प्लग उपट मेल्याचा.

लेक : उपटला. दोनदा. उठतो तो तेच नियम घेऊन उठतो.

वडील : ठमे, आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नवीन पॅनेल आलं की आठ दिवस आम्ही नुसतं कान लावून बसायचो. कुठे खरखरतंय, कुठे तुटतंय. मग लाइनी जोडायच्या. तुमच्यात नाही का ही पद्धत?

लेक : आहे. नवीन नियमांना आधी आठवडाभर नुसतं बघायला लावायचं, अडवायला नाही. मग यादी तपासायची नि मगच अडवायला सांगायचं. मी थेट अडवायला लावलं.

वडील : का गं? तू तर असली आळशी नव्हतीस.

लेक : पुढच्या आठवड्यात परत यावं लागलं असतं.

वडील : इथे.

लेक : बाबा, मी तसं नाही म्हणाले.

वडील : म्हणालीस की. बहिरा नाही झालो अजून.

लेक : काय करू मग? बाकीच्या जागी हेच काम मी शीळ घालत करते. इथे आले की जीव गुदमरतो. दर वेळी तुम्ही कपड्यांचं गाठोडं बांधून दाराशी बसलेले. चल म्हणता. मी काहीतरी थाप मारते नि पळते. गाडीत बसून रडते, झालं समाधान?

वडील : तुला आत अर्धा तास झाला नाही, तर आवाज बघ कसा चिरकलाय. मला अकरा महिने झाले.

लेक : हो. माहीत आहे मला.

वडील : तुझ्या डाव्या हाताला भिंतीवर हिरवी पेटी असेल. काचेची.

लेक : तुम्हाला कसं ठाऊक?

वडील : प्रत्येक दाराशी आहे. संकटकाळी काच फोडा, असं लिहिलंय. फोड.

लेक : ती फोडली की एक नाही, सगळी दारं उघडतात. बाहेरचं फाटकसुद्धा.

वडील : मला ठाऊक आहे.

लेक : बाबा! वर सदतीस माणसं आहेत. निम्म्यांना स्वतःचं नाव सांगता येत नाही. फाटकाबाहेर हमरस्ता. ट्रक काय थांबतात का कुणासाठी?

वडील : मला माझं नाव येतं.

लेक : परवा मला म्हणालात, तुझ्या आईला फोन लावून दे.

वडील : असं म्हणालो?

लेक : दोनदा.

वडील : तिला जाऊन किती झाली?

लेक : सहा वर्षं.

वडील : हं. सहा.

लेक : बाबा, ऐका. मी सांभाळायला दिलेली पिशवी कुठे आहे?

वडील : मांडीवर. कुठे जातेय?

लेक : तिच्यात एक निळी चपटी वायर आहे, टेलिफोनसारखी पिन असलेली. दाराखालच्या फटीतून आत सरकवा. ती थेट डब्याला लावली की मधलं नेटवर्क लागतच नाही, त्याच्याशी समोरासमोर बोलता येतं. दोन मिनिटांत दारं सुटतील. पण लवकर. चारला औषधांची फेरी असते. सिस्टरला दारं उघडेनात, की ती घाबरून वरची काच फोडणारच.

वडील : आता वाजले किती?

लेक : पावणेचार.

वडील : सापडली. निळी.

लेक : शाब्बास. सरकवा.

वडील : आणि पंधरा मिनिटं नाही सरकवली तर?

लेक : बाबा...

वडील : मी काही फोडत नाही, तोडत नाही. नुसता खुर्चीत बसतो.

लेक : असं नका हो करू. पाया पडते तुमच्या.

वडील : दाराआडून कसली पाया पडतेस! घरी ने. आज. हो म्हण, वायर घे.

लेक : नेते.

वडील : आज?

लेक : आजच. इथून थेट.

वडील : झोपू कुठे मी? माझ्या खोलीत आता काय आहे?

लेक : तुमची खोली... आहे तशीच आहे.

वडील : ठमे, लहानपणीसुद्धा खोटं बोलताना तू मध्येच आवंढा गिळायचीस.

लेक : नाही नेणार. ऐकलंत? आज नाही, उद्या नाही, नाहीच नेणार. खोली मुलाला दिली अभ्यासाला. पहिल्या दिवशी तुम्हाला सांगितलं, आठ दिवस राहून बघा, मग ठरवू. तेही खोटं होतं. आदल्या आठवड्यातच इथल्या कागदांवर सह्या केल्या होत्या. तुम्ही गॅस उघडा टाकून फिरायला गेलात, पोर घरात झोपलेलं. मला तुमची भीती वाटते, बाबा. जीव आहे तुमच्यावर, पण भीती वाटते. आता नका देऊ वायर, काय करायचं ते करा. मी काच फोडणार नाही नि पुन्हा खोटंही बोलणार नाही.

(दाराबाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज येतो.)

लेक : बाबा? आहात ना?

वडील : आहे. जाणार कुठे? पोराला काही झालं नव्हतं ना?

लेक : नाही. खिडकी उघडी होती.

वडील : हे मला कुणी सांगितलंच नाही.

लेक : सांगितलं होतं. तुम्ही विसरलात. मग पुन्हा सांगायचा मला धीर झाला नाही.

वडील : वाक जरा. पिन अडकतेय फटीत. आडवी धर. ओढ. हळू, मोडशील.

लेक : आली! आली बाबा, आली. थांबा, लावते. हं, उठला. विचारतोय पासवर्ड.

वडील : आता सावकाश. एकेक अक्षर.

लेक : शिरले. अडवलेल्यांची यादी... ही बघा दारं, एकाखाली एक. सोडली. नवे नियम नुसते बघायला लावले. कार्ड लावते हं. हिरवा! या, सरका मागे, दार लागेल तुम्हाला.

वडील : किती वाजले?

लेक : चारला पाच कमी. कॉरिडॉरचंही सुटलं असेल. चला, वर सोडते तुम्हाला.

वडील : नको. पहिल्या दिवशी दोघांनी दंडाला धरून नेलं होतं मला. आज माझा मी जातो. तू फक्त मागून दार लावून घे.