चौकातली देवी

दुबईच्या बर दुबई भागात उभं आयुष्य काढलेली सुलभा तिथल्या विमानतळावर मुंबईच्या विमानाची वाट बघत होती. पाठीमागच्या बाकावरून दोन बायकांचं मराठी कानावर आलं. वळून “कुठल्या तुम्ही?” विचारणार, तोच ती थबकली.

“मावशे, युरोपातल्या त्या परिषदेत आहे तरी काय गं?”

“युनियनचे पुढारी भाऊ म्हणतात, गोऱ्यांनी आपल्यासारख्या आदिवासींचं जे जे हिरावलं, ते परत घ्यायचं.”

“तू बोलणार तिथं?”

“बोलणार ते भाऊच. मी स्टेजवर आपल्या वारल्यांचा लग्नाचा, भिंतीवरचा देवीचा चौक लिहायचा.”

“काका गेल्यावर तू कसा लिहिशील? चौक सवाशिणीनंच लिहायचा असतो. सांगितलं नाहीस त्यांना?”

“सांगितलं. म्हणाले, ही अंधश्रद्धा आपल्या युनियनमध्ये चालत नाही.”

“आणि चौक चालतो?”

“चालतो. फोटोत छान दिसतो.”

“मग लिहिणार?”

“चौकट लिहीन, झाडं लिहीन. मधे देवी बसवणार नाही.”

“आणि भाऊंनी विचारलं, देवी कुठंय?”

“सांगीन, तुमच्या मोर्चात माझा माणूस मेला ना, त्याच दिवशी ती उठून गेली.”