पान्ह्याची चाल

—नाही, परत हॉलात नाही यायचं मला. टाळ्या वाजवायच्या तर तुम्ही जा की जगन्नाथराव, तुमच्या यतीननं पियानो वाजवलाय — माझ्या पोरीनं काय केलंय ते मला ठावं आहे! जात नाही? मग बसा गप. रुचा म्हणाली, बाबा, स्कॉटलंडच्या बोलीतली कविता आहे, मी चाल लावलीय, तुम्ही अमेरिकेला याच. म्हटलं, लेक संगीत शिकते, जाऊ. आलो. त्या गोऱ्या बाईनं तोंड उघडलं — शब्द कुठं कळतायत? गावाकडची बोली म्हणे, हितल्या इंग्रजीवाल्यांनाबी अर्थ कागदावर वाचावा लागतोय — पण चाल? चाल माझ्या बायकोची, रत्नाची हो! धारेला बसली की म्हशीनं पान्हा सोडावा म्हणून म्हणायची. कुणाकडनं शिकलेली नाही, तिची तिनं जुळवलेली.

कागदावर कवीचं नाव आहे ना? मेलाय ना तो? मग माझी बायको काय कमी मेलीय? तिचं नाव कुठाय? संगीत — रुचा! झालं.

आन् तिला चाल दिली कुणी? मीच. ही लहानपणापासून मामाकडं शिकायला, हिनं धार कधी बघितलीय? रत्ना गेल्यावर म्हस पान्हा चोरायला लागली, लाथा झाडायची — मग मीच म्हणायला लागलो, गोठ्याचं दार लावून. हसताय काय? तर पोरीचा फोन — बाबा, आईची लई आठवण येते, तिची चाल म्हणा ना एकदा. म्हटली. जन्मात कुणापुढं तोंड उघडलं नव्हतं — लेकीपुढं मी म्हटली. मधेच हुंदका फुटला, फोन ठेवून दिला. आन् आज ती बाई बरोबर तिथंच थांबली! माझा हुंदका — तोबी उचलला हो! आन् लोकं रुमाल काढतायत. अहो, गाणं तिथं संपतच नाही. पुढं एक ओळ आहे — तिच्यावरच तर म्हस पान्हा सोडते. ती कार्टीला ठावंच नाही. सांगणारबी नाही.

उठा, आली बघा — काय गं? — भेटायचं म्हणतायत? म्हणू दे. — आँ? — चालीत पुढं? पुढं काय असायचं? तेवढंच होतं. जा आत.