लागोपाठ दोन

ताई : याची बॅटरी शंभर टक्के आहे.

बारक्या : कशाची?

ताई : या फोनची. तुझ्या बुटांच्या कपाटात होता, मोज्यांच्या पिशवीत. मी मोजे धुवायला काढले.

बारक्या : अगं, जुना आहे तो. तिकडचा. टाकायचाच होता.

ताई : टाकायच्या फोनची बॅटरी भरलेली नसते. पडून राहिली की ती आपोआप उतरते. म्हणजे कुणीतरी हा नेमाने चार्जिंगला लावतंय. तुझ्या दाजींना स्वतःचा फोन लावायची आठवण राहत नाही. मी लावत नाही. उरलं कोण?

बारक्या : तू लॅबमध्ये पाणी तपासतेस की चोर पकडतेस?

ताई : आवाज बंद करून ठेवलायस, पण सिम तिकडचंच, भारतातलंच आहे आणि चालू आहे. त्याचेही पैसे भरतोस. फोन जिवंत ठेवायचा आणि उचलायचा मात्र नाही. हे काय आहे?

बारक्या : उघडलास तू? पासवर्ड होता त्याला.

ताई : आईचं जन्मसाल. शाळेतल्या पेटीलाही तेच कुलूप होतं तुझं.

बारक्या : दे इकडे.

ताई : देते. आधी एक सांग. वसुलीवाल्यांचे नंबर कळले मला. ते दिवसभर करतात, मग आठवडाभर गप्प. पण एक नंबर तसा नाही. ‘उस्ताद’ नावाने आहे. महिन्यातून एकदाच येतो, तोही पगाराच्या सुमारास. एकच मिस्ड कॉल, की पुढच्या महिन्यापर्यंत काही नाही.

बारक्या : पैसे मागत असतील.

ताई : पैसे मागणारा माणूस एका मिस्ड कॉलवर समाधान मानत नाही. तुझे ते लिफ्टवाले उस्तादच ना हे? ज्यांच्या हाताखाली शिकलास?

बारक्या : हो. नंतर माझ्याच गाळ्यावर माझ्याकडे कामाला होते. म्हणजे, कागदावर माझ्याकडे. खरं तर मीच त्यांच्याकडे.

ताई : मग हा मिस्ड कॉल कशाचा?

बारक्या : कामाची खूण आहे ती, ताई. लिफ्टच्या खड्ड्यात उतरलं की वर कितीही बोंब मारा, ऐकू जात नाही. आधी आम्ही पान्यानं लोखंडावर ठोकायचो. मग एका बिल्डिंगमधल्या आजोबांनी तक्रार केली, यांच्या ठोकाठोकीनं माझं डोकं उठतं म्हणून. तेव्हापासून फोन. एक मिस्ड कॉल म्हणजे मी बाहेर आलोय, ठीक आहे, लिफ्टची लाइन चालू कर.

ताई : आणि दोन?

बारक्या : दोन कधी येत नाहीत.

ताई : पण ठरलेलं असेल ना काहीतरी.

बारक्या : लागोपाठ दोन म्हणजे लाइन बंद कर. आत माणूस आहे.

ताई : आज सकाळी लागोपाठ दोन आलेत.

बारक्या : काय?

ताई : हे बघ. एकाच मिनिटात दोन.

बारक्या : चुकून लागला असेल.

ताई : बस. खुर्चीवर बस, दारात उभा राहू नकोस. तू मला सांगितलं होतंस की बिल्डरनं पैसे बुडवले, धंदा बसला, पण पतसंस्थेचं कर्ज मिटलं.

बारक्या : बुडवले ते खरंय.

ताई : आणि मिटलं ते?

बारक्या : मिटवतोय.

ताई : जामीन कोण होतं?

बारक्या : फोन दे ना तो.

ताई : उस्ताद.

बारक्या : त्यांच्याशिवाय कोण राहणार होतं? सही करताना म्हणाले, दोराला लटकताना तुझ्यावर विश्वास ठेवतो, कागदावर ठेवायला काय जातंय.

ताई : मग हप्ते?

बारक्या : पाठवत होतो गं. मग इथलं पहिलं काम सुटलं, आठवतंय ना, तुझ्या स्वयंपाकघरात बसून भाज्या निवडायचो. तेव्हा थकले. काम परत लागलं, पण एवढे थकल्यावर एकच हप्ता घेऊन कुठल्या तोंडानं फोन करायचा? म्हटलं, साठवू. सगळं एकरकमी फेडू आणि मगच उस्तादांशी बोलू. तोवर पतसंस्थावाले तिकडे उस्तादांचा पगार कापतायत. निम्मा.

ताई : हे तुला कुणी सांगितलं?

बारक्या : पतसंस्थेचा मेसेज आला होता. आणि कापला की त्याच दिवशी उस्तादांचा मिस्ड कॉल येतो. मी ठीक आहे, तू तुझं काम चालू ठेव. एवढंच म्हणतायत ते. शिव्या घातल्या असत्या ना ताई, तर पहिल्याच महिन्यात उचलला असता फोन.

ताई : किती साठलेत?

बारक्या : अर्ध्याच्या आसपास.

ताई : कशाच्या अर्धे? तू निघालास तेव्हाच्या कर्जाच्या की आजच्या?

बारक्या : तेव्हाच्या.

ताई : म्हणजे आज अर्धे नाहीत. व्याजावर दंडव्याज चढतंय. तू जेवढं टाकतोस त्याहून जास्त ते वाढतं. तू असाच साठवत राहिलास तर कधीच पोहोचणार नाहीस. हे माझं मत नाही, गणित आहे.

बारक्या : मला गणित येत नाही असं वाटतं का तुला?

ताई : नाही. येतं म्हणून तर विचारतेय. गाळ्याचं काय?

बारक्या : गाळ्याचा काय संबंध?

ताई : साठलेले आणि गाळ्याचे येतील ते. बेरीज केलीस कधी?

बारक्या : केली.

ताई : मग?

बारक्या : मिटतं. थोडंसं राहतं, पण मिटतं.

ताई : कधी केलीस?

बारक्या : मागच्या वर्षी. पण गाळा विकायचा नाही. ताई, तू यात पडू नकोस. स्वतःच्या हातानं पाटी रंगवलीय मी तिथली. चेनपुली टांगायला भिंतीत गर्डर घातलाय. तो गेला तर मी परत जाऊन करू काय? दुसऱ्याच्या गाळ्यात पाने पुसू?

ताई : परत कधी जाणार आहेस?

बारक्या : हे मिटलं की.

ताई : आणि हे मिटायला काय लागतं, ते आत्ताच तू सांगितलंस.

बारक्या : शब्दात पकडू नकोस.

ताई : पकडत नाही. तुझी खोली बघते रोज. पलंग घेतला नाहीस. गादी दुमडून भिंतीला लावतोस, पाहुण्यासारखी. बॅग अजून कपाटावर आहे आणि त्यात निम्मे कपडे तसेच आहेत. अंगात कोट दाजींचा. इथल्या कंपनीनं कायम केलं तुला, तेही दाजींना त्यांच्या मित्राकडून कळलं.

बारक्या : पलंग घेतला की मी इथे राहिलो असं होतं.

ताई : आणि नाही घेतला म्हणजे?

बारक्या : म्हणजे अजून... माहीत नाही. म्हणजे तिकडे शटरला माझं कुलूप आहे.

ताई : मी पैसे देऊ शकते तुला. दाजींशी बोलूनही ठेवलंय, पतसंस्थेचं पहिलं पत्र आईच्या पत्त्यावर गेलं तेव्हाच. पण देणार नाही.

बारक्या : म्हणजे तुला माहीत होतं?

ताई : कर्ज आहे एवढं माहीत होतं. तू सांगशील म्हणून थांबले. माझंही चुकलंच. पण आता पैसे दिले तर तू कुलूप लावून आणखी बसशील, आणि तिकडे तुझ्यासाठी दुसरा कुणी खड्ड्यात उतरेल. फोन लाव.

बारक्या : आत्ता? तिकडे...

ताई : तिकडे दुपार आहे. हिशेब केलाय मी.

बारक्या : तुझ्या फोनवरून लावतो.

ताई : याच्यावरून. त्यांना तुझा नंबर दिसला पाहिजे.

(फोन टेबलाच्या मधोमध, स्पीकरवर. पहिल्याच रिंगला उचलला जातो.)

उस्ताद : बोला शेठ.

बारक्या : उस्ताद, मी...

उस्ताद : तूच रे. दुसरं कोण मला या नंबरवरून फोन करतंय? एक मिनिट थांब. इथेच उतरायचं ना, बाई? चौथा. सावकाश उतरा, दार उघडंच धरलंय मी. हां, बोल.

बारक्या : तुम्ही लिफ्टमध्ये आहात?

उस्ताद : हॉस्पिटलच्या. स्टुलावर बसून बटणं दाबतो.

बारक्या : बटणं? मला वाटलं, दुरुस्तीला असाल.

उस्ताद : दुरुस्ती पोरं करतात, कॉम्प्युटर लावून. बिघाड लिफ्टच सांगते त्यांना. आपल्या वेळी कानानं ऐकावं लागायचं. पण वाईट नाही काम. दिवसभर वर-खाली केल्यानं हवापालट होतो.

बारक्या : सकाळी दोन मिस्ड कॉल होते.

उस्ताद : होते. करू की नको असं चाललं होतं माझं. या महिन्यानंतर मला मोकळं करतायत. वय झालं म्हणे. बटण दाबायला कसलं वय लागतं, देव जाणे. पण मग पगार नाही, म्हणजे कापायलाही काही नाही. पतसंस्थेचा मॅनेजर म्हणाला, मग घराची नोटीस काढावी लागेल. मला काही नाही रे, मी कुठेही पडेन. तुझ्या काकूला गुडघ्यांमुळे हलवत नाही. म्हणून म्हटलं, कळवावं.

बारक्या : उस्ताद, जाताना मी तुम्हाला मुखत्यारपत्र दिलं होतं. गाळा विकायचा अधिकार होता त्यात. विकून मोकळे का नाही झालात?

उस्ताद : शेजारचा टायरवाला विचारतो की. रोज विचारतो. रोख देतो म्हणतो.

बारक्या : मग?

उस्ताद : मी सांगतो, मालक येणार आहे.

बारक्या : अजून सांगता?

उस्ताद : तू येतो म्हणून गेलास. येत नाही असं म्हणालास का कधी? मग मी कसं म्हणणार? सुट्टीच्या दिवशी उघडतो, झाडतो, शटरला ग्रीस लावतो. चेनपुली आहे तशी आहे. पाटीचा रंग तेवढा उडालाय, पण नाव वाचता येतं.

ताई : नमस्कार, उस्ताद. मी याची ताई.

उस्ताद : नमस्कार, नमस्कार. जेवतो ना नीट? इकडे जेवायच्या वेळेला नेमका खड्ड्यात असायचा.

ताई : जेवतो. जमिनीवर झोपतो.

उस्ताद : एवढ्या थंडीत? बारक्या, कंबर धरेल रे! आपल्या धंद्यात कंबर गेली की संपलं.

बारक्या : उस्ताद, तुम्ही मला दोन शिव्या घाला आधी.

उस्ताद : त्यासाठी नाही केला फोन.

बारक्या : एक तरी.

उस्ताद : थांब थांब, स्ट्रेचर येतंय. या, आत घ्या, सरळ घ्या. ऐकतोय मी बारक्या, बोल तू. दार लागतंय...

बारक्या : गाळा विकून टाका. टायरवाल्याला द्या.

(स्पीकरवर नुसती खरखर.)

बारक्या : उस्ताद? हॅलो?

ताई : आवाज गेला त्यांचा. दार लागलं.

बारक्या : ऐकलं असेल त्यांनी.

ताई : माहीत नाही.

बारक्या : दार लागायच्या आत बोललो मी. ऐकलं असणार.

ताई : गृहीत धरू नकोस. फोन कटला नाहीये, सेकंद पुढे जातायत. थांब.

बारक्या : ताई, त्यांनी नसेल ऐकलं तर मी मेसेज टाकतो ना.

ताई : नाही.

बारक्या : पुन्हा नाही जमणार मला.

ताई : पाणी पी. इथेच आहे मी.

उस्ताद : हां, आलो बाहेर. आता कॉरिडॉरमध्ये आहे, कुणी नाही इथे. काय म्हणत होतास रे? माझ्यापर्यंत नाही आलं.

बारक्या : ताई...

ताई : मला नाही. त्यांना सांग.

उस्ताद : घाई नाही. सावकाश बोल.

बारक्या : उस्ताद, गाळा टायरवाल्याला देऊन टाका. मॅनेजरशी मी स्वतः बोलतो, उद्याच. राहील ते माझ्या पगारातून कापू देत. आणि पाटी उतरवा. मी परत येत नाहीये.