तोंडी मत

—थांबा हो पाहुणे, होडी कुठे पळून जात नाही! नदी ओलांडायचीय ना? ओलांडू. एवढं माझं मत झालं की लगेच. तोवर व्हिस्की घ्या, फुकट आहे — कर्नल हार्गेटची. तो बैल भाजतायत ना, तोही त्याचाच. आमच्या केंटकीत उमेदवार पाजतो, आपण प्यायचं, त्यात लाजायचं काय? मग कोर्टाच्या ओट्यावर जायचं, शेरीफ विचारतो — कुणाला? — आणि दोघा उमेदवारांसमोर मोठ्याने नाव सांगायचं. ज्याचं नाव घेतलं तो उठून हात मिळवतो. बस्स.

दुसरा कोण? तो, डावीकडे, विटक्या टोपीचा — टोबायस क्विन्बी, वकील. डोंगर ओलांडून आला तेव्हा मीच त्याला नदी पार करवली. कायद्याची दोन पुस्तकं, त्यातलं एक पाण्यात पडलं! आमच्या चुलीपाशी वाळवलं. बायको म्हणाली, "वकीलसाहेब, तुमचा कायदा फुगला की हो!" हसला बिचारा. आणि पुढं पुरात कर्नलचा भाचा माझ्या होडीतून पडून बुडाला — मी ढकलला म्हणे! फासाचा दोर तयार होता, पाहुणे. या माणसाने घसा बसेपर्यंत भांडून मला सोडवला. घेतलं काय? नदीतले चार मासे.

मग विधानसभेत गेला. तिथे म्हणे, मत चिठ्ठीवर घ्या, घडी घालून, कुणाचं कुणाला कळायला नको. सगळे हसले. आम्हीही हसलो — मर्दाला नाव घ्यायची भीती कसली? कसली म्हणजे... कसलीच नाही. फक्त घाट कर्नलचा आहे. होडी माझी, पण लागते तो किनारा त्याचा. काल त्याचा मुकादम येऊन गेला. होडी बांधायचा खांब हलवून बघत होता, पक्का आहे ना म्हणून.

ते बघा, पुन्हा वाकला! सकाळपासून वकीलसाहेब बुटाचा बंद बांधतायत. असला कसला बूट? मघाशी लोहार मत द्यायला पुढे आला, तेव्हाही वाकला. आता आमचा शेजारी ओवेन आला, तर पुन्हा... लोहाराची भट्टी कर्नलच्याच जागेत. ओवेनचं घरही... अरे देवा. आम्हाला त्याच्याकडे बघावं लागू नये म्हणून वाकतोय हा.

मी त्याचंच नाव घेणार. मोठ्याने! घ्यायलाच पाहिजे, नाही का? मान वाचवली त्याने माझी. बायकोने सकाळी एवढंच विचारलं, घाट गेला तर पोरं कुठे झोपतील...

—हो हो शेरीफसाहेब, मायका टर्पिन, आलो! धरा हो हा पेला.

वाकला. बघा, वाकलाच.

कर्नल हार्गेट.

...हो कर्नलसाहेब. तुमची कृपा.

चला पाहुणे. नका, काही बोलू नका. तुम्हाला सोडून मला लगेच परत यायचंय — वकीलसाहेबांनाही पलीकडे घरी सोडायचंय.