दामूअण्णांचा उजवा पाय

या मंडळी, पुढं सरका. खांबाला टेकलेत त्यांनी तसंच राहावं, खांबालाही आधार लागतो.

आजचा सवाल साधा आहे. आपण म्हणतो, "देवा, सगळा भार तुझ्यावर." रोज म्हणतो, उदबत्ती लावून म्हणतो. मला एवढंच विचारायचंय, की असं म्हणताना पाय कुठं असतो? देवाचा नव्हे, आपला. जोडलेले हात दिसतात, मिटलेले डोळे दिसतात. पायाकडं कुणी बघत नाही. आज आपण पायाकडं बघणार आहोत. पेटीवाले, सूर धरा. खालचा धरा, वरच्यात मला खोकला येतो.

ऐका तर.

विट्यात दामूअण्णा शेटे नावाचे गृहस्थ. 'निर्भय मोटार ड्रायव्हिंग स्कूल'चे मालक. मालक म्हटलं मी, चालक नाही म्हटलं. कारण बत्तीस वर्षं हा माणूस गाडीत डाव्या बाजूला बसला. उजवीकडं शिकणारा, डावीकडं अण्णा. आणि शिकवायच्या गाडीत एक सोय असते — डावीकडच्या माणसाच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. शिकणारा म्हशीकडं बघत बघत म्हशीवरच चालला, की अण्णांचा उजवा पाय खाली. गाडी थांबली. शिकणाऱ्याला वाटायचं, मी थांबवली. म्हशीला वाटायचं, मी थांबवली. अण्णा कुणालाच काही बोलत नसत. थोर माणूस.

पण मंडळी, पायाला एकदा अधिकार मिळाला की तो घरी आल्यावर रजा घेत नाही. बायको पुऱ्या तळतेय, तेल जरा जास्त तापलं — अण्णांचा पाय खाली. मुलीला बघायला आलेला मुलगा पगार सांगता सांगता बंगल्यावर गेला — पाय खाली. आणि पाय खाली गेला की उजवा खांदाही खाली जाई. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, हा माणूस नमस्कार करतोय, पण एकाच बाजूनं. ओट्यावर त्यांची खुर्ची असे. तिच्यापुढची फरशी झिजून खळगा पडला होता. चिमण्या त्यात पाणी प्यायच्या.

आता त्यांच्या मंडळी, मंदाकाकू. अख्खा तालुका अण्णांच्या हाताखाली, म्हणजे पायाखाली, शिकून गेला. डॉक्टर शिकले, तलाठी शिकले, वरातीत घोड्यावर बसायला घाबरणारे नवरदेव शिकले. काकू राहिल्या. दर दसऱ्याला गाडीला हार घालताना त्या विचारायच्या, "अहो, मला कधी?" आणि अण्णा म्हणायचे, "तुला कुठं जायचंय?"

मंडळी, हाही ब्रेकच. फक्त तोंडानं लावलेला.

काकूंना अठ्ठावन्नावं लागलं, आणि त्या दिवाळीत देवानं गंमत केली. गावातल्या साडीच्या दुकानात सोडत होती. दरवर्षी पहिलं बक्षीस मिक्सर. त्या वर्षी काय? स्पोर्ट्स कार. लालभडक, दोन माणसांची, उंचीनं कमरेएवढी. कशी आली? तर दुकानदाराच्या चिरंजीवांनी हौसेनं मुंबईहून आणली, आत बसले, आणि बाहेर निघता येईना. चौघांनी ओढून काढलं. घरात सगळ्यांना ती गाडी डोळ्यांपुढं नको झाली. ठेवली बक्षिसात. आणि काकूंनी भाचीच्या बारशाला एक साधी सुती साडी घेतली होती, तिच्या कुपनावर ती लागली.

अण्णा म्हणाले, "विकून टाकू."

काकू म्हणाल्या, "शिकवा."

"अगं, तुला कुठं —"

"गाडी माझ्या नावावर आहे. कुठं जायचं ते ती मला विचारेल, मी तिला विचारेन. तुम्ही फक्त क्लच कुठला ते सांगा."

अण्णांनी मिस्त्री बोलावला. म्हणाले, हिच्यात माझा ब्रेक बसव. मिस्त्री गाडीखाली गेला, बराच वेळ तिथंच राहिला, बाहेर येऊन म्हणाला, "अण्णा, बसतो. पण मग तुमचे गुडघे दाराबाहेर ठेवावे लागतील."

म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा अण्णा डावीकडं बसले आणि पायाखाली काही नाही. नुसती रबरी चटई.

पहिला दिवस. काकू खानापूर रस्त्याला लागल्या. समोरून दुधाचा टँकर. अण्णांचा पाय गेला खाली — आणि गाडी थांबली. अण्णांनी वाकून बघितलं. पेडल नाही. चटई आहे. पुढं वळणावर पुन्हा पाय दाबला. पुन्हा गाडी हळू. पेडल नाही! मंडळी, अण्णांच्या अंगावर काटा आला. संध्याकाळी दाढी करताना ते न्हाव्याला म्हणाले, "बत्तीस वर्षांची साधना रे. आता पेडल लागत नाही. नुसत्या इच्छेनं लागतो."

न्हाव्याला सांगितलेली गोष्ट न्हाव्यापाशी राहते का? दुसऱ्या दिवशी ओट्यावर माणसं. एकानं पोरगाच पुढं केला. "अण्णा, हा फार पैसे उधळतो. ह्याच्याकडं बघून एकदा दाबा." अण्णांनी दाबलं. पोरगा दोन दिवस गप्प होता. लोकांचा विश्वास वाढला.

मंदाकाकूंना आत सगळं ऐकू येत होतं. त्या पुऱ्या तळत होत्या.

पुढं काय झालं, की गाडीच्या कंपनीकडून बोलावणं आलं. पुण्यापलीकडं माळावर शर्यतीचा रस्ता बांधलाय, हौशी चालकांनी आपापली गाडी घेऊन यावं. काकू म्हणाल्या, जाऊ. वैद्यकीय तपासणी झाली. रक्तदाब वाढला अण्णांचा, तपासला काकूंचा, म्हणून पास झाल्या. शिरस्त्राण अंबाड्यावर बसेना, तर त्यांनी अंबाडा सोडून वेणी घातली. लग्नानंतर पहिल्यांदा. अण्णा बघतच राहिले, आणि पाय खाली गेला. का गेला, ते त्यांनाही कळलं नाही.

तीन शर्यती झाल्या. गाड्या बारा. काकू तिन्ही वेळा बाराव्या. पण बाई गाडीतून उतरली की चेहरा असा, जणू पालखीचा खांदा नुकताच दुसऱ्याकडं दिलाय.

अण्णांनी एकदा विचारलं, "शेवटची येतेस. काय मिळतं गं तुला?"

"अहो, जन्मभर स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुमची गाडी जाताना बघितली. आता खिडकी माझ्याबरोबर पळते."

ह्यावर माणूस काय बोलणार? पण भीती बोलते. रात्री अण्णांना झोप नाही. डोळे मिटले की लाल गाडी कुंपणावर. शेवटी एका सकाळी म्हणाले, "हे बघ, ही चौथी शर्यत. हिच्यातही शेवटची आलीस तर गाडी विकायची. देवाशपथ."

"आणि नाही आले तर?"

अण्णा म्हणाले, "तर पुन्हा विषय काढणार नाही."

"कबूल," काकू म्हणाल्या, आणि कणीक मळायला गेल्या. पण त्या दिवशी कणीक फार मळली गेली. पोळ्या अशा मऊ, की अण्णांना घास गिळवेना.

आली शर्यत. त्या रस्त्याला एक वळण आहे, टेकाडाच्या पायथ्याशी, एकदम उजवीकडं घेणारं. तिथं जाळीमागं अण्णा उभे. दरवेळी तिथंच. अंगात शाळेचा पिवळाजर्द टी-शर्ट, छातीवर लाल 'एल'. आंधळ्यालाही दिसावा असा माणूस. शेजारी एक गृहस्थ शेंगा खात होते. त्यांचा जावई निळ्या गाडीत.

फेरी सुरू. गाड्या आल्या, गेल्या. लाल गाडी आली. अण्णांचा पाय खाली, खांदा खाली. गाडीचे मागचे दिवे लागले, वेग गेला, आणि निळी गाडी पुढं निघून गेली.

"लागला," अण्णा पुटपुटले. इतक्या लांबून लागतो! मंडळी, त्यांना वाटलं सिद्धी वाढतेय.

शेंगावाले म्हणाले, "ह्या काकूंचं मला नवल वाटतं. सगळ्या रस्त्यात आमच्या जावयाच्या पुढं असतात. फक्त ह्या वळणावर काय होतं कुणास ठाऊक, गरज नसताना ब्रेक मारतात. आमचा जावई दरवेळी अकरावा येतो, तो ह्यांच्या कृपेनं. घ्या शेंगा."

अण्णांनी शेंगा घेतल्या नाहीत.

पुढच्या फेरीला लाल गाडी सरळ रस्त्यावर असतानाच त्यांनी मुद्दाम पाय दाबला. दिवे लागले. तिथंच, भलत्या जागी. त्याच्या पुढच्या फेरीला दात आवळून पाय वर धरून ठेवला, आणि गाडी वळणात शिरल्यावर खाली सोडला. दिवे तेव्हा लागले.

अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. तो दुधाचा टँकर आठवला. ती रबरी चटई आठवली. अरे, पेडल होतं! गाडीत नव्हतं, काकूंच्या जिवात होतं. ह्या माणसाचा खांदा खाली गेला, की ह्याला भीती वाटली, एवढं ओळखून ती बाई आपल्या पायानं ब्रेक लावत होती. त्याला कळू न देता. त्याला सिद्धी मिळाली म्हणून गावभर मिरवू देत होती. आधी मायेनं लावला असेल, मग सवय झाली, आणि आता पिवळा टी-शर्ट कलला की तिचा पाय तिला विचारतही नाही. बत्तीस वर्षं अण्णांनी दुसऱ्यांच्या गाड्या आपल्या पायानं थांबवल्या, आणि अण्णांची भीती मात्र ती आपल्या पायावर घेत होती.

पेटीवाले, थांबा जरा. इथं सूर नको.

आता शेवटची फेरी उरली. निळी गाडी पुढं, लाल मागं. ह्या वळणावर अण्णांनी फक्त नेहमीसारखं उभं राहायचं. बस. बायको बारावी येणार, गाडी विकली जाणार, खिडकी पुन्हा भिंतीत बसणार, अण्णांना झोप लागणार. काहीच करायचं नव्हतं. मनापासून सांगा, तुम्ही काय केलं असतं? नका सांगू. घरची माणसं शेजारी बसलीत.

अण्णांनी ठरवलं, पाय दाबायचा नाही. पण पाय ऐकतोय होय? लांबून आवाज आला आणि टाच आपोआप उचलली. अण्णा शेंगावाल्यांना म्हणाले, "अहो, जरा माझ्या पायावर उभे राहता का?"

"मी? कशाला?"

"उजव्या. पटकन."

"अहो, आपली ओळखही नाही."

आवाज जवळ आला. निळी गेली. लाल दिसली. आणि दामूअण्णा शेटे मटकन खाली बसले. तिथंच, मातीत. मांडी घातली. उजवा पाय डाव्या मांडीखाली दडपला, हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, दोन्ही खांदे सारखे. पंगतीला बसावं तसे.

मंडळी, काकूंनी ते बघितलं. त्या वेगात बघितलं. नवरा खाली बसलेला दिसला तर बाईच्या काळजाचा ठोका चुकेल की नाही? पण जेवायला बसल्यासारखा बसलेला नवरा सुखरूप असतो, हे ज्ञान तिला लग्नापासून होतं.

आणि मग अण्णांनी ते पाहिलं, जे तीन शर्यती त्याच जागी उभं राहून त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. गाडी आली. दिवे लागले, नाही असं नाही. पण जिथं लागायला हवेत तिथं, आणि लागले न लागले तेवढेच. मग ती लाल गाडी त्या वळणात अशी वळली, जशी आई झोपलेलं मूल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेते. धक्का नाही, घाई नाही. जमीनच तिच्यासाठी वळली म्हणा ना. अण्णांच्या अंगावरून वारा गेला, तोंडात माती गेली. त्यांनी डोळे मिटले नाहीत. पुढं निळी गाडी होती, मग शेजारी होती, मग मागं होती. अण्णांचं तोंड उघडं ते उघडंच. ही कोण? हिच्या हातच्या पोळ्या आपण खाल्ल्या, आणि ही कोण, हे आपल्याला ठाऊकच नव्हतं!

शेंगावाल्यांच्या हातून शेंगा सांडल्या. "गेला," ते म्हणाले. "आमचा जावई बारावा."

काकू उतरल्या, वेणी घामानं भिजलेली, धावत टेकाडापाशी आल्या. "अहो, खाली का बसला होता? चक्कर आली?"

"नाही. पाय दुखत होता."

"कुठला?"

"उजवा."

काकूंनी पायाकडं बघितलं. मग नवऱ्याकडं. "हा लग्नाच्या दिवशी दुखला असता, तर बरं झालं असतं," म्हणाल्या, आणि हात धरून त्यांना उठवलं. उठताना अण्णा लंगडत होते. पायाला मुंग्या आल्या होत्या.

विट्यात पेढे वाटले. न्हाव्यानं विचारलं, "बारांत अकरावा नंबर म्हणजे कसं हो अण्णा?" अण्णा म्हणाले, "ज्या जागी मी बसलो होतो, तिथून बघ. पहिला आहे."

तर मंडळी, आता जरा खाली बघा. आपापल्या पायांकडं. कसे बसलात? मांडी घालून. ज्यानं कुणी कीर्तनाला सतरंजी घालायची चाल पाडली, त्याला हे सगळं ठाऊक होतं. मांडी घातलेल्या माणसाला ब्रेक लावता येत नाही. एवढा वेळ तुम्ही सुनेला अडवलं नाही, पोराला अडवलं नाही, देवालाही त्याच्या कामात अडवलं नाही. जग चाललंय ना? वळणं घेतंय ना?

थोड्या वेळानं मी गप्प बसेन. तुम्ही उठाल, आणि पायाला मुंग्या येतील. पाय तुमचा असेल, पण ऐकणार नाही. घाबरू नका, झटकू नका. सगळ्या दिवसात तेवढाच एक क्षण असा, की भार खरंच देवावर असतो आणि आपला पाय कशावरही नसतो. तो क्षण फुकट घालवू नका.

खांबवाले, तुम्ही पाय पसरलेत. मघापासून बघतोय. मिटा ते.

आता उठा सगळे. हं — मुंग्या आहेत तोवर. म्हणा, विठ्ठल, विठ्ठल.